पिंक फ्लॉइडचा 'द डिव्हिजन बेल': 1994 च्या समीक्षकांनी काय ऐकलंच नाही?

नमस्कार मंडळी.

आज बोलायचंय पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'द डिव्हिजन बेल'बद्दल. हा अल्बम 28 मार्च 1994 ला ब्रिटनमध्ये आला, आठवडाभरात अमेरिकेत आला आणि दोन्हीकडे थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. लोकांनी तो विकत घेतला, दौऱ्यात स्टेडियमं भरली. समीक्षकांनी मात्र त्याची सालटी काढली.

अमेरिकेतल्या 'एंटरटेनमेंट वीकली'ने त्याला 'डी' श्रेणी दिली. असा पोकळ अल्बम काढण्यामागे पैशाच्या हावेशिवाय दुसरं कारण सुचत नाही, अशा अर्थाचं त्यात लिहिलं होतं. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या समीक्षकाची तक्रार बँडचा गिटारवादक आणि गायक डेव्हिड गिल्मरच्या गिटारबद्दल होती. एकेकाळी ज्याचे सोलो, म्हणजे गाण्यात गिटारने एकटीने वाजवलेले तुकडे, बँडचा कणा होते, त्या सोलोंना आता स्वतःची ओळखच उरली नाही, असं त्याचं म्हणणं. आणि रॉजर वॉटर्स, ज्याने या बँडची सगळ्यात गाजलेली गाणी लिहिली आणि नंतर बँड सोडला, त्याने तर हा अल्बम सरळ कचऱ्यात काढला. गिल्मरच्या बायकोने गाणी लिहिली, यावरही त्याने पुढे तोंडसुख घेतलं.

एकूण सूर असा होता की ही शिळ्या कढीला आणलेली ऊत आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुठे चाललेय ते तुम्हाला कळेल. 1994 च्या बहुतेक समीक्षांनी हा अल्बम ऐकताना कोण नाहीये ते मोजलं. कोण परत आलंय, तिकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. जो नव्हता तो वॉटर्स. जो परत आला होता तो रिक राइट. आणि राइटकडे कान न देता हा अल्बम ऐकला, तर तो खरंच निम्माच ऐकू येतो.

[स्क्रीनवर: रिक राइट, कीबोर्डसमोर, सत्तरच्या दशकातला फोटो]

हा राइट. बँडच्या अगदी सुरुवातीपासूनचा कीबोर्डवादक. फ्लॉइड म्हटलं की लोकांना गिल्मरची गिटार आठवते, वॉटर्सचे शब्द आठवतात. पण त्या गिटारच्या खाली जे पसरलेलं असतं, ज्यामुळे ती गिटार एवढी उंच वाटते, ते राइटचं काम. 'द डार्क साइड ऑफ द मून'मधल्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'चं संगीत त्याचं. 'अस अँड देम'ची चाल त्याची. 1975 च्या 'विश यू वेअर हिअर'ची सुरुवात आठवा. गिटारचा पहिला सोलो यायच्या आधी दोनेक मिनिटं नुसता सुरांचा एक थर हळूहळू पसरत राहतो. फ्लॉइडचा आवाज म्हणून आपण जो ओळखतो, त्याची जमीन ती आहे.

मग 1977 चा 'अ‍ॅनिमल्स' आला आणि त्यातल्या एकाही गाण्यावर संगीतकार म्हणून राइटचं नाव नव्हतं. 1979 मध्ये 'द वॉल'चं रेकॉर्डिंग चालू असताना वॉटर्सने त्याला बँडमधून जायला लावलं. नंतर 'द वॉल'च्या कार्यक्रमांत तोच राइट पगारी वादक म्हणून उभा होता. स्वतः उभ्या केलेल्या बँडमध्ये, पगारावर! ते कार्यक्रम इतके खर्चिक होते की बाकीच्या तिघांना तोटा झाला आणि ठरलेला पगार घेणाऱ्या राइटला तेवढे पैसे मिळाले. हा किस्सा नेहमी गंमत म्हणून सांगितला जातो. त्यातला अपमान कुणी सांगत नाही. 1983 च्या 'द फायनल कट'वर तर तो मुळीच नाही.

1985 मध्ये वॉटर्स बाहेर पडला. आपण गेलो म्हणजे फ्लॉइड संपला, असं त्याचं मत होतं. गिल्मर आणि ड्रमवादक निक मेसन यांना ते मान्य नव्हतं. नावावरून कायद्याची लढाई झाली आणि 1987 च्या डिसेंबरात तडजोड झाली. त्याच वर्षी गिल्मर आणि मेसनने 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' काढला होता. तो अल्बम मला कधीच फ्लॉइडचा वाटला नाही. ड्रम पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या वादकांनी किंवा यंत्राने वाजवलेले, राइटचा हात जेमतेम लागलेला. गिल्मरचा एकट्याचा अल्बम, वरती बँडचं नाव.

म्हणजे 1994 मध्ये समीक्षक नव्या अल्बमकडे कपाळाला आठ्या घालून बघत होते, याला कारण होतं. आधीच्या अल्बमने त्यांची शंका खरी ठरवली होती.

त्यात काळही वेगळा होता. 'द डिव्हिजन बेल' अमेरिकेत आला त्याच आठवड्यात निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेनचा मृत्यू झाला. ब्रिटनमध्ये महिन्याभरात ब्लर या तरुण बँडचा 'पार्कलाइफ' आला, ऑगस्टमध्ये ओअ‍ॅसिस या दुसऱ्या तरुण बँडचा पहिला अल्बम. संगीताची मासिकं चालवणाऱ्या पिढीला आपल्या वयाचे आवाज सापडले होते. अशा वेळी पन्नाशीच्या आसपासची तीन माणसं 66 मिनिटांचा अल्बम घेऊन येतात, आणि त्याची सुरुवात करतात सहा मिनिटांच्या शब्दच नसलेल्या तुकड्याने. वर युरोपातल्या दौऱ्याला फोक्सवॅगन कंपनीचं प्रायोजकत्व. गिल्मरला ते नंतर स्वतःलाच खटकलं आणि त्यातला आपला वाटा त्याने दान केला. पण ते नंतर. समीक्षा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर होता तो एक अवाढव्य, श्रीमंत, म्हातारा होत चाललेला बँड. पैशासाठी केलं, हे वाक्य त्या चित्रातूनच आलं.

आता स्टुडिओत काय घडलं ते बघू, कारण माझा सगळा मुद्दा तिथे आहे.

[स्क्रीनवर: थेम्स नदीवरची 'अ‍ॅस्टोरिया' ही बोट]

1993 च्या जानेवारीत गिल्मर, मेसन आणि राइट लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत जमले. सोबत बास वाजवायला गाय प्रॅट. आधीपासून लिहिलेलं हातात काही नव्हतं. तिघांनी नुसतं वाजवायला सुरुवात केली आणि टेप चालू ठेवली. गेल्या अल्बमला हीच गोष्ट झाली नव्हती. एकाने काहीतरी वाजवायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, तिसऱ्याने त्याला ताल धरायचा. यातून साठ-पासष्ट तुकडे तयार झाले. पुढचं बरंचसं काम 'अ‍ॅस्टोरिया'वर झालं. ही गिल्मरची थेम्स नदीतली बोट, आत पूर्ण स्टुडिओ.

एवढ्या तुकड्यांतून निवडायचं कसं? त्यांनी मतदान घेतलं. तिघांनी प्रत्येक तुकड्याला गुण द्यायचे. आणि राइटने काय केलं? आपल्या तुकड्यांना पूर्ण गुण दिले आणि बाकी सगळ्यांना भोपळा! बँडमधले लोक हे हसत हसत सांगतात. मला मात्र त्यात एक माणूस दिसतो, ज्याचं नाव कित्येक वर्षं फ्लॉइडच्या कुठल्याही गाण्याखाली लागलं नव्हतं आणि ज्याला ही संधी आता हातची जाऊ द्यायची नव्हती.

निकाल बघा. अल्बमवर 11 गाणी आहेत. त्यातल्या पाचांवर संगीतकार म्हणून राइटचं नाव आहे: 'क्लस्टर वन', 'व्हॉट डू यू वाँट फ्रॉम मी', 'मरून्ड', 'वेअरिंग द इनसाइड आउट' आणि 'कीप टॉकिंग'. याआधी फ्लॉइडच्या स्टुडिओ अल्बमवर त्याचं असं नाव कधी आलं होतं? 1975 मध्ये. मध्ये 19 वर्षं गेली. मुख्य गायक म्हणून तो शेवटचा ऐकू आला होता 1973 च्या 'डार्क साइड'वर. इथे 'वेअरिंग द इनसाइड आउट' तो गातो.

एवढं असूनही करारानुसार तो तेव्हाही बँडचा पूर्ण सदस्य नव्हता. त्या रागात अल्बम अर्ध्यावर सोडायच्या बेतापर्यंत आपण आलो होतो, असं त्याने स्वतः सांगितलंय. तो थांबला, हे आपलं नशीब.

आता त्या गाण्यांकडे येते.

'क्लस्टर वन' सुरू होतं ते खरखरीने. मग लांबून एक सूर उगवतो, मग पियानोचे तुरळक स्वर, आणि त्यांना गिटारचं उत्तर. पुन्हा पियानो, पुन्हा गिटार. कुणालाच घाई नाही. 1994 च्या कानांना हे रेंगाळणं वाटलं. पण हे दोघं एकमेकांचं वाजवणं किती लक्ष देऊन ऐकतात ते बघा. गिल्मर एक ओळ वाजवतो आणि थांबतो. राइट तीच ओळ पुढे नेत नाही, तिच्या शेजारी दुसरं काहीतरी ठेवतो. 'मोमेंटरी लॅप्स'मध्ये तुम्हाला हा संवाद शोधून सापडणार नाही. 'विश यू वेअर हिअर'मध्ये पावलोपावली सापडेल.

'मरून्ड' हाही शब्दांविना. सुरुवातीला समुद्रपक्ष्यांचे आवाज, मग गिटारचा सूर पेडलच्या जोरावर एका झेपेत वरच्या सप्तकात जातो आणि पुन्हा खाली उतरतो. गिल्मरच्या सोलोंची ओळख पुसली गेली, असं ज्याने लिहिलं त्याने 'मरून्ड' किती वेळा ऐकलं असेल, हा प्रश्न मला पडतो. दोन सुरांत माणूस ओळखू येतो! आणि खाली राइटचे कॉर्ड इतक्या सावकाश बदलतात की गिटारला हवं तिकडे भरकटता येतं.

1995 मध्ये याच 'मरून्ड'ला ग्रॅमी मिळाली, सर्वोत्तम रॉक वाद्यसंगीतासाठी. पिंक फ्लॉइड या नावाला मिळालेली ती एकमेव ग्रॅमी. 'डार्क साइड'ला नाही, 'विश यू वेअर हिअर'ला नाही. ग्रॅमी मिळाली म्हणजे रचना थोर, असं मी म्हणत नाही. त्या पुरस्कारांनी इतकी चांगली माणसं वगळली आहेत की तसं म्हणणं धाडसाचं होईल. पण ज्या अल्बममध्ये बँड संपल्याचं सांगितलं जात होतं, त्यातल्याच गिल्मर आणि राइटच्या जोडकामाला हा मान मिळाला, एवढं नोंदवून ठेवा.

आणि आता माझं सगळ्यात आवडतं, 'वेअरिंग द इनसाइड आउट'. सुरुवात डिक पॅरीच्या सॅक्सोफोनने. हाच माणूस 'डार्क साइड'वर आणि 'विश यू वेअर हिअर'वर वाजला होता, त्यालाही परत बोलावलं होतं. शब्द अँथनी मूरचे. एक माणूस आहे जो स्वतःत मिटून गेलाय, बोलणं विसरलाय, आणि आता हळूहळू पुन्हा बोलू पाहतोय. हे गाणं राइट गातो. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, थकलेला, जरा घोगरा. गिल्मर नंतर येतो आणि बाहेरून त्या माणसाकडे बघितल्यासारखा गातो. राइटची गेली पंधरा वर्षं माहीत असतील तर हे गाणं नुसतं सुंदर राहत नाही, अंगावर येतं. आणि माहीत नसली तरी त्या आवाजातली भीड ऐकू येतेच.

एखाद्या समीक्षेची सुरुवात या गाण्यापासून झाली असती, तर ती समीक्षा वेगळी झाली असती. पण सगळ्यांची सुरुवात वॉटर्सपासून झाली.

बरं. समीक्षकांचं सगळंच चुकलं का? अजिबात नाही. दोन बाबतींत ते बरोबर होते आणि आजही आहेत.

पहिली बाब शब्दांची. इथले बहुतेक शब्द गिल्मर आणि पॉली सॅमसनचे. ती लेखिका आणि पत्रकार. त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. 'बायकोने लिहिलं' म्हणून नाक मुरडणं हे मला सरळ हिणकस वाटतं, त्यात वाचन कमी आणि आकस जास्त. पण शब्द वाचून तक्रार करणाऱ्याशी मी भांडणार नाही. वॉटर्स लिहितो तेव्हा नावं घेतो. त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात 1944 मध्ये इटलीतल्या अँझिओला मारले गेले, आणि ते दुःख त्याच्या शब्दांत ठिकाणासकट, हुद्द्यांसकट, अधिकाऱ्यांच्या निष्काळजीपणासकट येतं. 'डिव्हिजन बेल'मध्ये सगळं 'तू' आणि 'मी'च्या धुक्यात राहतं. संवाद तुटतो, माणसं दुरावतात, बोलत राहायला हवं. विषय चांगला आहे, अल्बमच्या नावापर्यंत पोहोचतो. ब्रिटिश संसदेत मतदानासाठी सदस्यांना बोलावणारी ती घंटा. हे नाव लेखक डग्लस अ‍ॅडम्सने सुचवलं आणि त्याबदल्यात बँडने एका पर्यावरण संस्थेला देणगी दिली. 'कीप टॉकिंग'मध्ये तर एका टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीतला स्टीफन हॉकिंगचा यंत्रातून येणारा आवाज घेतलाय, आणि तो अजूनही काटा आणतो. पण ओळी सुट्या काढून वाचल्या तर पुष्कळशा कुणालाही उद्देशून असू शकतात. 'पोल्स अपार्ट'चं पहिलं कडवं बँडचा सुरुवातीचा गायक-गीतकार सिड बॅरेटबद्दल आणि दुसरं वॉटर्सबद्दल आहे हे सॅमसनने सांगितल्यावर ते गाणं उघडतं. न सांगता नीट उघडत नाही.

दुसरी बाब लांबीची. सीडीवर जागा होती म्हणून ती भरली गेली, हे त्या काळातल्या कितीतरी अल्बमांचं दुखणं. 1994 मध्ये याची एलपी निघाली तेव्हा एका तबकडीवर मावावं म्हणून गाणी चक्क छाटावी लागली होती. 'टेक इट बॅक' नसतं तर काहीच बिघडलं नसतं. चकचकीत गिटार, रेडिओसाठी बेतलेला ताल. ते ऐकताना दुसऱ्याच कुठल्यातरी बँडची आठवण येते. आणि इंग्लंडमध्ये अल्बममधलं पहिलं सिंगल म्हणून तेच निवडलं! समीक्षकांना आयतं कोलीत दिलं.

पण मग शेवटी 'हाय होप्स' येतं आणि शब्दांबद्दलची माझी तक्रार विरघळते. केंब्रिज, गिल्मरचं बालपण, दूरवर घंटेचे टोले. इथे धुकं नाही, इथे गाव आहे, रस्ता आहे, नदी आहे. मायकल केमनने बांधलेली वाद्यवृंदाची साथ, आणि अखेरीस गिल्मरचा लॅप स्टीलवरचा, म्हणजे आडव्या ठेवून वाजवायच्या गिटारवरचा सोलो. 1994 मध्येसुद्धा या गाण्याला नावं ठेवणारे थोडे होते.

मग मत बदललं कधी?

हळूहळू. 2005 च्या जुलैत लाइव्ह एट या गरिबीविरोधी संगीत कार्यक्रमात लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघं पुन्हा एकत्र वाजले, वॉटर्ससकट. कोण खरा फ्लॉइड, हे भांडण त्या संध्याकाळनंतर जरा निवळलं. 15 सप्टेंबर 2008 ला राइट गेला, आणि लोक त्याचं काम शोधून ऐकायला लागले. 2011 मध्ये ब्रिटनच्या 'अनकट' मासिकाच्या फ्लॉइड विशेषांकात या अल्बमबद्दल लिहिलं गेलं की बँडच्या सगळ्या कामातला हा छुपा रुस्तम असू शकेल. 2014 मध्ये वीस वर्षांची आवृत्ती निघाली, तेव्हा त्याच मासिकाने राइट आणि गिल्मरमधलं नातं हाच या अल्बमचा प्राण ठरवला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात 'द एंडलेस रिव्हर' आला, 1993 मधल्या त्याच बैठकांतल्या उरलेल्या टेपांवर उभा केलेला, जवळजवळ पूर्ण वाद्यसंगीताचा, राइटच्या स्मरणार्थ. अल्बम म्हणून तो मला विस्कळीत वाटतो. पण पुरावा म्हणून अमोल आहे. त्या खोलीत तीन माणसं खरोखर एकमेकांसोबत वाजत होती, हे त्यावरून कुणालाही ऐकता येतं.

यावर कुणी म्हणेल, माणूस गेल्यावर सगळेच त्याच्याबद्दल चांगलं बोलतात. हा आक्षेप मी मनावर घेते. मृत्यूने कान हळवे होतात, खरंय. पण टेपवर काही वाढलं नाही. 'वेअरिंग द इनसाइड आउट' 1994 मध्येही हेच होतं, पाच गाण्यांखाली राइटचं नाव तेव्हाही सीडीच्या पुस्तिकेत छापलेलं होतं. ते वाचायला कुणाच्या जाण्याची गरज नव्हती.

मला विचाराल तर मी या अल्बमला कुठे ठेवते? 'विश यू वेअर हिअर', 'डार्क साइड' आणि 'अ‍ॅनिमल्स'च्या खाली, त्याबद्दल वादच नाही. 'मोमेंटरी लॅप्स'च्या खूप वर. आणि 'द फायनल कट'च्याही वर. हे ऐकून वॉटर्सचे चाहते उसळतील, ते मला ठाऊक आहे. 'फायनल कट'चे शब्द 'डिव्हिजन बेल'च्या शब्दांपेक्षा कितीतरी ताकदीचे आहेत, हे मी मान्य करते. पण तिथे राइटच्या जागी दुसऱ्यांनी पियानो वाजवलाय, आणि मला प्रत्येक वेळी ती जागा रिकामी ऐकू येते.